एक काडी, दोन नाकं

बिलोलीच्या मागच्या गल्लीतली निम्मी नाकं केवळाबाईनं घडवलेली आहेत. हे ती स्वतःच सांगते. ज्यांची बसकी राहिली त्यांच्याबद्दल विचारलं तर म्हणते, "त्याच्या आईनं मला आठच दिवस बलावलं. मग मी काय करू."

तीस वर्षं झाली, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हाच तिचा धंदा. पाय लांब करून पाटावर बसायचं, लेकरू नडग्यांवर घ्यायचं, तेलानं चोळायचं, चिमटीत धरून नाक ओढायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं. आणि कानात-नाकात पाणी राहू नये म्हणून शेवटी तोंड अगदी जवळ नेऊन फुंकर मारायची. फुंकर मारल्याशिवाय तिच्या हातचं लेकरू दुपट्यात गेलेलं नाही. नवरा चंद्रप्पा मोंढ्यात हमाली करायचा. आता गुडघे गेल्यामुळं ओट्यावर बसून गावाच्या चौकशा करतो. ते काम तो पगारी माणसापेक्षा मन लावून करतो.

दोन हजार बावीसची संक्रांत तोंडावर होती आणि कोरोना तिसऱ्यांदा आला होता. यावेळी तो साधाच आहे, सर्दीसारखा, असं जो तो म्हणत होता, आणि म्हणता म्हणता शिंकत होता.

केवळाबाईच्या हातात तेव्हा एकच घर होतं, सरजाबाईचं. तिची लेक ज्योत्स्ना लातूरहून बाळंतपणाला माहेरी आलेली. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मुलगा झाला, तोही महिनाभर आधी. वजन दोन किलोलाही कमी. अठरा दिवस नांदेडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत काढून तो आजोळी आला, तेव्हा डॉक्टरांनी एवढंच बजावलं होतं, "याला साधी सर्दीसुद्धा झेपायची नाही. जपा."

न्हाण्याचा चौथा दिवस. केवळाबाई पाटावरून उठली आणि तिला ठसका लागला. कोरडा, लांबलेला. ज्योत्स्ना आतल्या खोलीत शेक घेत होती, तिथून तिनं विचारलं, "मावशी, हा खोकला कधीपासून?"

"मिरचीचा खाट बसला असंल."

"आज कुठं मिरची भाजली आम्ही?" ज्योत्स्ना म्हणाली. "घरी करायची टेस्ट मिळते आता मेडिकलवर. ती करा आणि मगच उद्या या. पैसे घेऊन जा."

"माझ्या नाकाचे पैसे तू कशाला देतीस, पोरी," केवळाबाई म्हणाली आणि पदर खोचून निघाली. ऐट तेवढी होती. खरं म्हणजे तिला तिथं फार वेळ उभं राहायचं नव्हतं. चंद्रप्पा आठ दिवसांपूर्वी देगलूरला भाच्याच्या लग्नात जेवून आला होता आणि कालपासून त्याचं अंग तापलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होती, पण रिपोर्ट यायला तीन दिवस, आणि ओळीत मागचा खोकायचा तो पुढच्याच्या अंगावर. तीन मेडिकलवाल्यांनी किट संपलं म्हणून हात हलवले. चौथा उमाशंकर, याचंही नाक तिच्याच हातचं. त्यानं काउंटरखालून डबी काढली.

"नांदेडहून दहा आले होते, मावशी. हे शेवटचं. अडीचशे."

"कमी कर की."

"एरवी दहा टक्के सोडतो. ह्याच्यावर एक रुपया सुटत न्हाई."

"अन् ह्यात किती जणांचं होतंय?"

"एकाचं. एकच काडी हाय."

"अडीचशात एकाच माणसाचं? त्यापेक्षा चार दिवस न्हाऊ घालून घे माझ्याकडून."

उमाशंकर हसला. मग त्यानं समजावलं: काडी नाकात फिरवायची, नळीतल्या पाण्यात घोळायची, पाण्याचे थेंब पट्टीवर टाकायचे, पाव तास थांबायचं. एक लाइन आली तर सुटलीस. दोन आल्या तर घरात बस. निकाल मोबाइलवर चढवावा लागतो म्हणाला, तेव्हा तिनं आपला बटणांचा फोन त्याला दाखवला आणि तो विषय तिथंच मिटला.

वाटेत तिनं हिशेब बसवला. काडी एक असेना, नाकपुड्या तर चारच. दोघांचं एकदम करू. एक लाइन आली की दोघंही सुटलो. हिशेबात काही चुकीचं नव्हतं. दोन लाइनी आल्या तर काय, एवढं मात्र तिच्या मनात आलं नाही.

घरी आल्यावर काडी आधी चंद्रप्पाकडं गेली. पहिला चहा त्याला, पहिली भाकरी त्याला, आणि लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या बाईचा हात कागद फोडल्याबरोबर आपसूकच तिकडं वळला.

"काय शोधून राहिलीस तिथं?" चंद्रप्पा मान मागं नेत म्हणाला. "गेल्या दसऱ्याला हरवलेली किल्ली?"

"गप बसा. हलू नका."

मग तीच काडी तिनं स्वतःच्या नाकात घातली. डाव्या, मग उजव्या. नीट, पाच पाच वेळा फिरवून. दुसऱ्याच्या नाकाची जेवढी काळजी घेतली तेवढीच आपल्याही नाकाची घेतली.

भात चुलीवर होता. त्याला अजून कढही आला नव्हता तोवर पट्टीवर पहिली लाइन उमटली. तिच्याशेजारी दुसरी, आधी पुसट, मग कुंकवाच्या बोटासारखी ठसठशीत.

चंद्रप्पानं पट्टी उचलून उजेडात धरली.

"तुझी का माझी?" चंद्रप्पानं विचारलं.

"काय की."

त्याची असली, तर तिनं ती आत्ताच स्वतःच्या हातानं स्वतःच्या नाकात नेऊन ठेवली होती. आणि तिची असली तर? ज्योत्स्नानं तिला चांगला जाड मास्क दिला होता. तो ती लावायचीही. पण मास्कमधून फुंकर मारता येत नाही. चार दिवस, रोज सकाळी, तेवढ्यापुरता तो तिनं हनुवटीखाली ओढला होता.

तोंडाला पदर बांधून ती पुन्हा मेडिकलवर गेली. "अजून दोन दे, उमा. मी एकटीचं बघते."

"गुरुवारी येतील. नांदेडलाच माल न्हाई." त्यानं तिच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि स्टूल मागं सरकवलं. "मावशी, दोन आल्या का?"

"बारक्या लेकराचं होतंय का रे त्यानं?"

"दोन वर्षांच्या आत चालत न्हाई. डबीवरच लिवलंय."

गुडघा धरला असं सांगून चार दिवस घरी बसता आलं असतं. गल्लीत कुणी शंका घेतली नसती. केवळाबाई सरजाबाईच्या फाटकापर्यंत गेली, आत गेली नाही, रस्त्यावर उभी राहून हाक मारली. दोघी मायलेकी ओसरीत आल्या. तिनं काडीचं सांगितलं, लाइनींचं सांगितलं, चंद्रप्पाच्या तापाचंही सांगितलं.

"मास्क होता ना, मावशी?" ज्योत्स्ना म्हणाली.

"फुंकर मारताना काढत होते."

ज्योत्स्नानं खांद्यावरचं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं, रस्त्यापासून लांबच्या. सरजाबाईच म्हणाली, "जा आता. फोन कर."

ज्योत्स्नाचा नवरा धम्मदीप लातुरात सहा दुकानं फिरला. मोठ्यांची किटं मिळाली, तीही वाढीव भावानं, आणि बाळाच्या कामाची एकही नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की ताप बघा, श्वास बघा, दूध ओढतोय का बघा. ओढेनासा झाला की तासभरही थांबू नका.

केवळाबाई घरात बसली. चंद्रप्पाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तिचा खोकला छातीत गेला, पण तिचं लक्ष तिकडं नव्हतं. न्हाण्याच्या वेळेला, सकाळी नवाला, ती फोन लावायची.

पहिल्या दिवशी सरजाबाई म्हणाली, "ओढून राहिलाय."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ओढतोय. पण झोपतोय लई."

तिसऱ्या दिवशी फोन बराच वेळ वाजला. उचलल्यावर सरजाबाई घाईनं म्हणाली, "उठवून राहिलो त्याला. ठेव तू."

पण फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडं तो कुठंतरी पालथा टाकलेला असावा. तळपायावर टिचक्या मारल्याचा आवाज येत होता. ज्योत्स्ना बाळाला हाक मारत होती, आधी लाडानं, मग नुसती, मग मोठ्यानं. केवळाबाईनं फोन कानाशी घट्ट दाबला आणि आपला खोकला गिळून ती बाळाच्या रडण्याची वाट बघत राहिली.