इंजिन बांधायचं की बदलायचं

चहा आधी संपवा. हे ऐकताना लोक हसतात आणि कप माझ्या सतरंजीवर सांडतात, असा अनुभव आहे. मला स्वतःला मात्र अजून हसू येत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वर्ध्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि माझ्याकडे एक लाल, दोन सीटांची, जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. प्राध्यापकाकडे असली गाडी कशाला, असं विचारू नका. बायको रोज विचारायची, तिलाही उत्तर देता आलं नाही.

थोरल्या मुलीचं, सुनंदाचं लग्न आर्वीच्या एका शेतकरी घरात ठरलं. व्याही मोकळे. म्हणाले, "इवाई, आमाले काईच नको. फक्त नवरदेव वऱ्हाडाच्या जानोशातून मांडवात तुमच्या लाल गाडीत आला पाह्यजे."

मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात गाडी निळा धूर सोडू लागली.

गुलाबराव मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. "सर, इंजिन तेल पिऊन राह्यलं. हेच खोलून नव्यानं बांधाचं, नाई तर दुसरं बसवाचं. तुमी म्हनान तसं."

मी म्हणेन तसं? अहो, माझा प्रबंधच उष्णतेच्या यंत्रांवर. म्हणजे इंजिनाबद्दल मला इतकं कळत होतं की निर्णय घेणं अशक्य होतं.

आधी म्हणालो, बांधा. गुलाबरावांनी इंजिन उतरवलं, खोललं आणि सिलिंडर बोअर करून घ्यायला नागपूरला पाठवलं. तशी मला शंका आली. त्या मापाचे विलायती पिस्टन मिळालेच नाहीत तर? धावत गेलो. म्हणालो, बदला. त्यांनी एका टॅक्सीचं जुनं इंजिन आणलं, ते बसावं म्हणून गाडीतले इंजिनाचे पाय कापले. ते इंजिन पाहून माझं मन मानेना. स्पोर्ट्स कारच्या छातीत टॅक्सीचं काळीज? पुन्हा धावत गेलो. म्हणालो, हे परत करा, आपलंच बांधा.

"सर," गुलाबराव म्हणाले, "लग्न पोरीचं हाय का गाडीचं?"

लग्नाच्या सकाळी परिस्थिती अशी होती: जुनं इंजिन नागपूरला, टॅक्सीचं इंजिन देवळीच्या एका गिऱ्हाइकाकडे आणि गाडी माझ्या अंगणात, फुलांच्या माळा घालून. व्याह्यांनी एकच गोष्ट मागितली होती, आणि तिच्या पोटात काहीच नव्हतं.

मार्ग बायकोने काढला. "वरात चालते मुंगीच्या चालीनं. तुमचे भाचे मागून ढकलतील. बँडपुढे इंजिनाचा आवाज कोण ऐकतंय?"

आणि खरंच जमलं. भाचे फेटे बांधून गाडीला हात लावून नाचत होते, स्टिअरिंगवर गुलाबराव, शेजारी नवरदेव. मी मागून चालत मनातल्या मनात देवाचं नाव घेत होतो.

मांडवाच्या दारात व्याही खूश. "इवाई, काय गाडी आहे. आवाजच नाई."

इथे गप्प बसायचं की नाही? मी म्हणालो, "नुकतंच इंजिनाचं काम केलंय."

झालं. लग्न लागेपर्यंत ही बातमी त्यांच्या सगळ्या नातेवाइकांत पसरली. जेवणं झाली आणि व्याह्यांनी जाहीर केलं, "सूनबाई ह्याच गाडीत जाईन. पार आर्वीपर्यंत."

आर्वीपर्यंत. मी भाच्यांकडे पाहिलं. भाचे दिसेनासे झाले होते.

त्यातच नवरदेवाचे बूट लपवलेले. नवरदेव अनवाणी उभा, माझ्या धाकट्या मुलीभोवती, शालूभोवती, मैत्रिणींचा घोळका, हसणं, खिदळणं. मला वाटलं, चला, थोडा वेळ मिळाला.

"बूट सापडतीन," व्याही म्हणाले, "तवर पाव्हन्यायले इंजिन दाखवू."

"नको, गरम असेल," मी म्हणालो.

"सकाळपासून उभी आहे ना गाडी?" असं म्हणून त्यांनी बॉनेट वर केलं.

आत, जिथे इंजिन असायला हवं, तिथे पाटावर, वर्तमानपत्र अंथरून, नवरदेवाचे काळे चकचकीत बूट ठेवलेले होते.

"बाबा, आत सगळी जागा रिकामी होती म्हणून..." शालू पुटपुटली.

व्याह्यांनी आत वाकून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग सावकाश सरळ झाले. "इवाई, इंजिन बांधलं म्हनता का बदललं?"

"अजून ठरायचंय," मी म्हणालो. खरं तेच होतं.

सुनंदाने आईचा दंड घट्ट धरला. व्याह्यांनी बुटांकडे पाहिलं, मग सुनंदाकडे, मग माझ्याकडे.

"बरं, पोरगी द्याचं तरी ठरलं ना? का थेबी अजून ठरवूनच राह्यले?"

सोपा प्रश्न होता. एका शब्दाचं उत्तर होतं. मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो.

शेवटी बायको पुढे झाली. "ठरलं आहे हो," ती म्हणाली, "ते आम्ही ह्यांना विचारलंच नव्हतं."