आमच्या दरबारातला मुजरा

लहान मुलांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक गोष्टींतला राजपुत्र मला पाठ आहे. तो पहाटे नगाऱ्याच्या आवाजाने आपोआप उठतो. त्याला नळावर रांग लावावी लागत नाही. केशर घातलेल्या पाण्याने अंघोळ, चांदीच्या पेल्यात दूध, मग घोड्यावरून रपेट, मग तलवारीचे दोन हात, आणि जेवणाआधी दरबारात जाऊन म्हाताऱ्या प्रधानालाही न सुचलेला न्याय. त्याला कधी पडसं होत नाही. वय दहा, पण बोलतो साठीच्या कीर्तनकारासारखा. असं पुस्तक हाती आलं की मला हसू येतं आणि रागही येतो, कारण मी स्वतः त्या सिंहासनावर एक दुपार बसलेली आहे. परळच्या म्युनिसिपल शाळेत.

आमचे गुरुजी गिरगावातून ट्रामने येत. त्यांना मुलांसाठी ऐतिहासिक लिहायचा नाद होता. दरबार त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला, पण लिहायला बसले की झुंबरं, गालिचे आणि मोरपंखी पडदे यांची नुसती रेलचेल. त्या वर्षी त्यांनी शाळेच्या संमेलनासाठी एका बालयुवराजावर नाटक लिहिलं. बाहेर सगळी मुंबई संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरली होती, मग गुरुजींचा युवराज तरी मागे कसा राहील? त्यानेही तीनशे वर्षांपूर्वी, भर दरबारात, फिरंगी वकिलाकडे मुंबई मागितली. त्या काळात इथे ताडाची झाडं आणि वाळत घातलेले बोंबील यापलीकडे मागण्यासारखं काय होतं, हे गुरुजींना विचारायची आमची छाती नव्हती.

युवराजाचं काम वर्गाच्या मॉनिटरला मिळालं. त्याचं घर कोकणातलं, वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि आई म्हणजे त्यांच्या चाळीतल्या बायकांची पुढारी. आम्ही समोरच्या चाळीत राहायचो. दीक्षा घेऊन बौद्ध झालो त्याला वर्षही झालं नव्हतं. माझे बाबाही त्याच गिरणीत होते, पण साच्यावर नव्हते. साच्यावर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आमच्या तोंडचा धागा तिथे कुणाला चालत नसे. मोर्चात मात्र सगळे खांद्याला खांदा लावून 'मुंबई आमची' म्हणून ओरडत. त्या 'आमची'त आम्ही मोर्चा संपेपर्यंत असायचो.

मला दासीचं काम होतं. आत येताना तीन वेळा मुजरा, मग चवरी ढाळत उभं राहायचं, जाताना पुन्हा तीन वेळा मुजरा. वाक्य एकही नाही. तरी मी हरखून गेले होते. घरी येऊन मी खोलीत मुजऱ्याची तालीम सुरू केली, तेवढ्यात बाबा पाळी संपवून आले.

"हे काय करतेस गं?"

"मुजरा."

"कुणाला?"

"युवराजाला."

"आणि युवराज कोण?"

"मॉनिटर."

बाबांनी हातपाय धुतले, जेवले आणि हात पुसता पुसता म्हणाले, "उद्या गुरुजींना भेटतो." आमच्या दीक्षेत बावीस प्रतिज्ञा होत्या. त्यांत मुजऱ्याचा उल्लेख नव्हता. ही तेविसावी बाबांची स्वतःची होती आणि पहिल्या बावीस त्यांनी जेवढ्या कडक पाळल्या तेवढीच ते हीही पाळणार, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुरुजींना व्हरांड्यात गाठलं. मी खांबाआड उभी होते.

"गुरुजी, पोरीला नाटकात घ्या किंवा नका घेऊ, तुमची मर्जी. पण ती कुणापुढं वाकणार नाय."

"अहो, हे नाटक आहे!"

"माझ्या आज्यानं जन्मभर तेच केलं. तेव्हा कुणी टाळ्या नाय वाजवल्या."

गुरुजींनी घाम पुसला. मग हस्तलिखित उघडून न वाकणारं पात्र शोधू लागले. दासी वाकत होत्या, हुजरे वाकत होते, सरदार तर पानोपानी वाकत होते. हत्तीसुद्धा सोंड वर करून सलाम करत होता. न वाकणारा एकच होता, तो म्हणजे युवराज. तोही दोनदा वाकायचा, एकदा राजमातेपुढे आणि एकदा राजगुरूंपुढे.

बाबांनी जरा विचार केला. "आईच्या पाया पडली तर चालेल. राजगुरूंच्या नाय."

आता राजगुरूंचं काम स्वतः गुरुजीच करणार होते. त्यासाठी त्यांनी उपरणं आणि खडावा आणून ठेवल्या होत्या. पण दुसरीकडे मॉनिटरला इतक्या तालमींनंतर फक्त 'नगारा वाजला काय?' एवढंच म्हणता येत होतं, आणि पुढची सगळी पल्लेदार वाक्यं वाया जाणार होती. मला सगळ्यांचं सगळं पाठ होतं. लेखकाला आपलं उपरणं प्यारं की आपली वाक्यं? गुरुजींनी छातीवर दगड ठेवून राजगुरूंचा प्रवेश कापला आणि मला युवराज केलं. मॉनिटर पहिला सरदार झाला.

मला ते काम किती हवं होतं ते सांगते. केशर-दुधाचं मला काही नव्हतं, पेला रिकामाच असणार होता. शाळेतल्या माठावर पाणी वाटायचं काम मॉनिटरचं असे. बाकीच्यांच्या हातात तो पेला द्यायचा, मला वरून ओंजळीत ओतायचा, आणि निम्मं पाणी माझ्या परकरावर सांडलं की हसायचा. तो माझ्यापुढे कमरेत वाकणार, सगळ्यांच्या देखत वाकणार, या विचाराने मला जेवण जात नव्हतं. युवराजाच्या बाकीच्या थाटमाटाशी मला काही देणंघेणं नव्हतं.

बातमी चाळीत पोचायला वेळ लागला नाही. मॉनिटरची आई चार बायका घेऊन शाळेच्या फाटकाशी आली.

"गुरुजी, माझो झील तिच्यासमोर वाकाचो नाय."

"बाई, नाटक आहे हो नाटक!" हे वाक्य आता गुरुजींच्या चांगलंच तोंडात बसलं होतं.

"नाटकात वाकलो काय आणि खराच वाकलो काय, कंबर एकच ना?"

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की बाबांचं आणि तिचं म्हणणं अक्षरशः एकच होतं. फक्त तिच्या घरच्यांचं ते लोक आमच्यापेक्षा फार आधीपासून ऐकून घेत आले होते. गुरुजींनी तिला 'बघू, बघू' म्हणून वाटेला लावलं. त्यानंतर तालमीत मुजऱ्याची वेळ आली की सरदारांना खोकला यायचा, कुणाची नाडी सुटायची, कुणाला लघवीला लागायची. गुरुजी म्हणायचे, "असू दे. ऐन वेळी मात्र करायचा हं."

संमेलनाला शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर पाहुणे म्हणून आले. ते सरकारी माणूस, आणि सरकारला तर मुंबई महाराष्ट्राला द्यायचीच नव्हती. गुरुजींची पाचावर धारण बसली. त्यांनी शेवटच्या क्षणी माझ्या तोंडच्या 'मुंबई'चं 'ते बेट' करून टाकलं. मी सिंहासनावरून, म्हणजे दोन बाकांवर चढवलेल्या हेडमास्तरांच्या खुर्चीवरून, फिरंगी वकिलाला ठणकावलं, "ते बेट आमचं आहे!" मागे उभ्या असलेल्या गिरणीवाल्यांना बेट बरोबर कळलं. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अशी जी आरोळी उठली, ती इन्स्पेक्टरांना ऐकू न आल्यासारखं करावं लागलं. ते सगळा वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

मग सरदार आले. पहिला सरदार पुढे आणि बाकीचे मागे, असे ओळीने उभे राहिले. मी वाट बघत होते. पहिल्या सरदाराने समोर बसलेल्या आईकडे पाहिलं, तिने मान हलवली आणि तो ताठ उभा राहिला. त्याच्यामागे सगळे ताठ. पडद्याआडून गुरुजी कुजबुजत होते, "मुजरा! अरे मुजरा, गाढवांनो!"

पुढचं वाक्य माझं होतं आणि ते तोंडातून निघून गेलं. "उठा, सरदार, आपल्या निष्ठेवर आम्ही प्रसन्न आहोत."

उभ्या माणसांना मी उठा म्हणत होते. सगळं सभागृह हसलं. मॉनिटरही हसला, अगदी माठाजवळ हसायचा तसाच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रडू फुटायच्या बेतात होतं आणि रडायचं तर मुळीच नव्हतं, म्हणून मी खुर्चीवर उभी राहिले आणि ओरडले, "आजपासून आमच्या दरबारात मुजरा बंद! या राज्यात कुणी कुणापुढे वाकायचं नाही!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मॉनिटरची आईही टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, गुरुजींनी शेवटी आपलं ऐकून तसं लिहिलं. इन्स्पेक्टर तर भाषणात म्हणाले की इतका पुरोगामी विचार बालनाटकात त्यांनी पाहिला नव्हता, लेखकाचं अभिनंदन. लेखक पुढे आले आणि कुणी कुणापुढे वाकायचं नाही या विचाराबद्दल इन्स्पेक्टरांना इतकं वाकून नमस्कार करू लागले की त्यांचा चष्मा पडला.

मी जिंकल्यासारखी घरी निघाले. बाबा शेजारून चालत होते. चाळ जवळ आल्यावर म्हणाले, "बंद करायचा तर आधी घ्यायचा असतो. त्यांनी दिलाच नव्हता. तू फक्त त्यांची लाज राखलीस."

मला भयंकर राग आला. बाबांना कशाचं म्हणून कौतुक नाही, असं मी आईला जाऊन सांगितलं.

इन्स्पेक्टरांच्या हुकमावरून त्या नाटकाचा पुन्हा प्रयोग ठरला. या वेळी दादरच्या मोठ्या हॉलमध्ये, आसपासच्या सगळ्या शाळांपुढे. गुरुजींनी माझं वाक्य वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं. पण आता मुजरा बंद करायचा तर त्याआधी तो रीतसर व्हायला हवा, नाहीतर विचार ठसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि मुजरा व्हायला हवा तर युवराज कोण हवा, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. ते स्वतः आमच्या घरी आले.

"हॉल मोठा आहे, मुलाचाच आवाज पुरेल. तुमच्या मुलीला सगळं पाठ आहे, ती सिंहासनामागे बसून वाक्यं सांगेल. म्हणजे तिला कुणापुढे वाकायलाही नको. तुमचं तत्त्वही पाळलं जातं, बघा!"

त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी सगळ्यांचं भलं केलं. बाबांनी त्यांना चहा दिला. गुरुजींनी तो प्यायला, पण घाईघाईने, घोटागणिक जीभ भाजत. ते गेल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. बाबा एवढंच म्हणाले, "जायचं तर जा. नाहीतर नको." मी गेले. का गेले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मी सिंहासनामागच्या पडद्याआड बसले. खुर्चीच्या हाताजवळ पडद्याला फट होती, तिच्यातून समोरचं सगळं दिसत होतं. मॉनिटर खुर्चीवर बसला. सरदार आत आले आणि एकदम वाकले. कमरेत वाकले, उजवा हात जमिनीपर्यंत नेऊन कपाळाला लावला आणि मान खाली घालून तसेच थांबले. काय सुंदर मुजरा होता! कुणाला खोकला आला नाही, कुणाची नाडी सुटली नाही. पुढच्या रांगेत त्यांच्या आयांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. युवराजाने वाक्य म्हटलं की मगच सरदारांनी उठायचं, असं गुरुजींनी बजावलेलं होतं.

युवराजाला वाक्य आठवेना.

त्याने मान जराशी वळवली. "काय गं?" मी ऐकलं. "काय आहे? सांग ना."

ते वाक्य मला सांगायला वही लागत नव्हती. पण मी गप्प बसले. फटीतून बघत राहिले. ते सगळे वाकलेले होते, खुर्चीच्या दिशेने, म्हणजे माझ्या दिशेने. एकाचा फेटा सुटून जमिनीवर घरंगळला, त्याला तो उचलता येईना. दुसऱ्याचे पाय थरथरायला लागले. बाजूच्या पडद्याआडून गुरुजी हातवारे करत होते, तोंडाने 'मुजरा बंद, मुजरा बंद' असा आकार काढत होते. हॉलमध्ये खाकरणं सुरू झालं. "अगं सांग ना!" खुर्चीवरून आवाज आला, तो आता रडकुंडीचा होता.

माझं मन भरेपर्यंत मी थांबले. मग उभी राहिले आणि कुजबुजले नाही, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उठा, सरदार! आजपासून आमच्या दरबारात मुजरा बंद!"

मुलीचा आवाज कुठून आला म्हणून लोक माना वळवून बघू लागले. सरदार मात्र सुटलो म्हणून ताड्कन उभे राहिले.

घरी आले तेव्हा बाबा दारात बसले होते. त्यांनी विचारलं, "वाकले का?"

"वाकले," मी म्हटलं. "आणि मी उठा म्हटल्यावर उठले."