जस्त आणि जास्त
आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. कुणाबद्दल तरी लिहायचं धाडस करतोय, माफ करा. गाझियाबादला आमच्या खालच्या मजल्यावर एक मराठी नर्सकाकू राहतात. पुतणीला जुलाब लागले तेव्हा त्या जिन्यातूनच म्हणाल्या, "साखरमिठाचं पाणी आणि जस्त द्या." दिल्लीत वाढलेल्या वहिनीला ऐकू आलं 'जास्त द्या'. ती नुसतं पाणीच पाजत राहिली.

"अगं, जस्त म्हणजे झिंक, यार!" काकू हसल्या. गोळ्या आणून त्यांनी कॅलेंडरवर चौदा गोल काढले, रोजच्या गोळीला एक. जुलाब थांबताच वहिनीने गोळ्याही थांबवल्या. तेव्हापासून काकू गुडघे धरत रोज वर येऊन स्वतः गोळी देऊ लागल्या. "पुढच्या जंतूंशी लढायला ताकद नको का तिला?"

मी हॉस्टेलला परतलो, पण जीव घरीच होता. अखेर वहिनीचा फोन आला. "चौदावा गोल भरला, भाऊजी. पोरगी खेळतेय. काकू म्हणाल्या, आता जस्त पुरे, लाड जास्त करा."