बरणीवरचं हिरवं फडकं

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. खडकीच्या सुगराबी ती चढल्या, तीही इस्त्रीची साडी नेसून, हौसेनं. दर मंगळवारी संध्याकाळी टीव्हीवरची वकिलाची जुनी मालिका बघून त्यांना वाटायचं, कोर्टातलं आपल्याला कोण शिकवणार! त्या मालिकेत खरं बोलणारा कधी हरायचा नाही.

शेजारचा आनंद त्यांना खाला, म्हणजे मावशी म्हणत त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला. मंगळवारी तोही त्यांच्याकडे मालिका बघायला यायचा. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका क्लासमध्ये तो नोकरीला होता. एका मंगळवारी संध्याकाळी क्लासचं कुलूप शाबूत राहून आतले कॉम्प्युटर मात्र गेले. चावी आनंदकडे, म्हणून आळ आनंदवर. नव्या सॉफ्टवेअर कंपनीनं देऊ केलेली नोकरीही तिथंच लोंबकळली. त्या वेळी तो कुठं होता हे सांगणाऱ्या एकट्या सुगराबीच.

"माझ्या घरी मालिका बघत होता, माझ्यासमोर," साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून त्यांनी ठणकावून सांगितलं.

"काय होतं त्या दिवशी मालिकेत?" सरकारी वकिलांनी विचारलं.

हे तर त्यांच्या आवडीचं. "बागेतल्या माळ्यावर घड्याळाच्या चोरीचा आळ येतो. मग वकीलसाहेब स्वयंपाकघरात जातात आणि लोणच्याच्या बरणीतून घड्याळ काढतात! बरणीला हिरव्या ठिपक्यांचं फडकं बांधलेलं."

समोर आनंद दचकला. "खाला, ती तर..."

"आरोपीनं मध्ये बोलायचं नाही," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

"बाई, त्या संध्याकाळी क्रिकेटची मॅच होती. मालिका दाखवलीच नाही," सरकारी वकील शांतपणे म्हणाले. "आपल्या घरी टीव्ही वेगळा दिसतो का?"

सुगराबींच्या डोक्याचा पार भुगा झाला. मॅच? मग बरणी आली कुठून? मालिकेत अशा वेळी आपला वकील ताडकन उठायचा. इथं आनंदचे वकील चष्मा पुसत बसले होते. पण खरं बोलायची शपथ घेतली होती.

"मग मला नाही सांगता येणार, साहेब," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं.

बाहेर व्हरांड्यात आनंद म्हणाला, "खाला, मॅच लागली म्हणून तुम्ही चिडून टीव्ही बंद केलात. तुमची समजूत काढायला बरणीची गोष्ट मीच रचली. मलाही आज तुम्ही बोललात तेव्हा आठवलं."

"आता काय उपयोग?" त्याचे वकील म्हणाले. "सांगितलंत तर म्हणतील, आरोपीनं पढवलं."

बसमध्ये सुगराबी आणखीच गोंधळल्या. हे आपल्याला आठवतंय, की आनंद म्हणतो म्हणून पटतंय? तो खोटं बोलणार नाही. पण आपलं पोर खोटं बोलतं असं कुणाला वाटतं? जीव नुसता टांगणीला लागला.

घरी आल्यावर त्या टीव्हीसमोर मटकन बसल्या. वरच्या फळीवर लोणच्याची बरणी होती, आणि तिला त्यांच्याच फाटक्या ओढणीचं हिरव्या ठिपक्यांचं फडकं.

हे फडकं कुठल्या मालिकेत जाणार? आनंदनं इथं बसून, या बरणीकडे बघत गोष्ट रचली होती. मालिका चुकली तीही चोरीच्या त्या एकाच मंगळवारी, म्हणजे गोष्ट रचली तीही त्याच संध्याकाळी. आणि फडक्याचं त्या कोर्टात बोलल्या, तेव्हा त्यांना कुणीही पढवलं नव्हतं.

बरणी पोटाशी धरून त्या आनंदच्या वकिलांच्या दारात उभ्या राहिल्या.

"माझं बोलणं कोर्टानं लिहून घेतलंय ना? मग मला परत बोलवायला सांगा. मी टीव्हीवर काही बघितलं नाही, म्हणूनच सांगते, आनंद माझ्याकडे होता."