सगळ्यांनी वजन केलं

कुपोषणावर काम करणाऱ्या संस्थांना एकत्र आणणं ही माझी नोकरी. नाशिकच्या मेळाव्यात पेठ तालुक्यातली एक बाई वाळकी लेक कडेवर घेऊन आली. प्रत्येक संस्थेच्या टेबलावर वजनकाटा होता. कुणी सांगायच्या आत ती लेकीचं झबलं काढायची, वजन झालं की घालायची. शेवटच्या टेबलाशी तिनं मला विचारलं, "ताई, वजन समद्यांनी केलं. खायाचं कुणाच्या टेबलावर हाय?"

कुणाच्याच नव्हतं. "आहार दुसऱ्या विभागाकडे येतो," शेजारचे साहेब म्हणाले.

"मंग त्यांना बी बोलवायचं व्हतं ना!"

मी माझ्या डब्यातलं केळं पोरीपुढे धरलं. समोर आलेला हात बघून पोरीनं झबलं काढायला दोन्ही हात वर केले.