चहावरची साय

तो बाटलीला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि जरा वेळानं म्हणायचा, "बोलतंय." मग बुचावरची सुतळी सोडायचा. बूच फाटकन उडालं की सारी गल्ली दचकायची आणि हा एकटा खूश व्हायचा.

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो आणि तो माझा शेजारी. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेला लॉरी-ड्रायव्हर. गाव त्याला मिलटरी म्हणे. इतरांनी लढाईवरून बूट आणले, घड्याळं आणली. यानं आणली एक साय! इराणात रशियन फौजेला सामान पोचवताना त्या फौजेतल्या एका ड्रायव्हरशी त्याची दोस्ती जमली होती. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. निघताना त्या गड्यानं बाटलीभर गोड चहात ही जाड, पांढुरकी, विरजणासारखी चहा आंबवणारी साय घालून दिली. आमच्या मिलटरीनं ती बोटीतून, आगगाडीतून छातीशी धरून गावापर्यंत आणली.

बरणीत गुळाचा कोरा चहा गार करून ओतायचा, त्यावर साय सोडायची, वर फडकं बांधायचं. आठ-दहा दिवसांत चहा आंबट होई. मग तो बाटल्यांत भरायचा, त्यात ताजं फळ घालायचं आणि बूच सुतळीनं आवळायचं, की आतल्या आत फसफसायचा. उन्हाळ्यात करवंदं, पुढं जांभळं, थंडीत पेरू. फळं थेट बरणीतच टाका की, असं मी एकदा सुचवलं. नापास पोराकडं मी जसा पाहतो तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"आधी साय बाजूला, मग फळ. फळानं साय नासती, गुरुजी."

दर रविवारी मी त्याच्या ओट्यावर बसून पेलाभर पीत असे. करवंदांचा तो लालभडक, जिभेला झोंबणारा चहा मी पुन्हा कुठं प्यालो नाही. दर खेपेला बरणीत नवी साय धरायची. त्यातली एक त्यानं मला दिली, घरी वेगळ्या बरणीत ठेवायला.

"त्यो गडी हाय का मेला, कुनाला ठावं," तो म्हणाला. "पर ही हाय तवर त्यो हाय. दोन घरांत असली म्हंजे बरं."

मग दारूबंदी आली. बुचांचे आवाज गल्लीतल्याच कुणीतरी वर कळवले. फौजदार आला, बरणी चावडीपुढं आणवली, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मिलटरी निर्धास्त होता. हा आंबवलेला चहा आहे, नशा होत नाही, असं त्यानं सांगितलं. वर म्हणाला, "गुरुजींना इचारा. ते दर ऐतवारी पित्यात."

फौजदारानं माझ्याकडं पाहिलं. मला माझी नोकरी जाताना दिसली. मी म्हणालो, "मी कधी चवही घेतली नाही."

वर्गात शुद्धलेखन सांगावं तशा स्पष्ट आवाजात म्हणालो. त्या आवाजाची मला आजही किळस येते. बरणी गटारात उपडी झाली, साय बुटाखाली गेली, आणि दम भरून त्याला सोडून दिलं. मी तडक घरी आलो, माझ्याकडची बरणी परसातल्या उकिरड्यात ओतली आणि चुलीतली राख निखाऱ्यांसकट वर लोटली. तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे मी विचारत नाही. मी हे केलं.

सकाळी तो दारात उभा. हातात तीच बरणी, घासून लख्ख केलेली, आणि तीत गुळाचा चहा, गार करून आणलेला. भांडायला आलाय असं वाटून मी उंबऱ्यातच थबकलो. चावडीचं त्यानं नावही काढलं नाही.

"गुरुजी, तुमच्याकडची साय द्या. तेवढी असली म्हंजे पुन्ना धरंल."

मी उकिरड्याकडं बोट केलं. तो गेला, उकिडवा बसला, हातानं राख बाजूला केली. साय सापडली, पण चुलीच्या निखाऱ्यांनी भाजून काळी पडलेली. ती त्यानं होती तिथंच ठेवली, हात धोतराला पुसले आणि बरणी माझ्या हातात दिली.

"घ्या. ह्यो नुस्ता च्या हाय. भ्यायचं कारन न्हाई."

महिन्याभरात तो शिरवळकडं कुणाच्यातरी लॉरीवर गेला. पुन्हा गावात आला नाही.

त्या चहावर मी फडकं बांधून ठेवलं होतं. रोज शाळेतून आलो की उचलून पाहायचो. हिरवी बुरशी तेवढी आली.