पेपरावर दहा दाणे

पाच बाया बियाण्याचं सोयाबीन निवडायला बसल्या की पोत्यातून खडे निघतात मूठभर आणि गोष्टी निघतात टोपलीभर. खडे फेकून देता येतात, गोष्टींचं काय करायचं? माझ्याजवळ इतक्या साचल्या आहेत की एक सांगायला तोंड उघडलं की दुसरी आधी बाहेर येते. मला लिहिता येत नाही. मी सांगते, माझी सून सुनंदा लिहिते. ती मधे मधे शाळेतलं मराठी घालते, ते मी चालवून घेते. पण जो जसं बोलला तसंच लिही, असा दम मी तिला पहिल्याच दिवशी दिला आहे. आमच्याकडे बायाही 'मी जातो'च म्हणतात, तेही तसंच.

सगळ्या गोष्टी शेअर बाजाराच्या आहेत. हसू नका. आमच्या मेडशीत आता एसटीच्या टाइमापेक्षा सेन्सेक्सची चौकशी जास्त होते. बाजार वर्षानुवर्षं चढतोच आहे, आणि माझा मुलगा दिनकर याच्या डोक्यात बसलं की आपलं अडीच एकर वावर विकायचं आणि सगळा पैसा त्यात टाकायचा. सातबारा माझ्या नावावर. म्हणजे अंगठा माझा!

*

सुरुवात संतोषच्या सलूनपासून झाली. तिथल्या टीव्हीवर आधी क्रिकेट चालायचं. आता हिरवे-लाल आकडे पळतात.

माझी मैत्रीण वच्छलाबाई. तिचा नवरा एके दिवशी दाढी करायला गेला. एक गाल झाला, अर्धी मिशी झाली, आणि टीव्हीवर काहीतरी उडालं. संतोषनं वस्तरा खाली ठेवला, मोबाईल वर घेतला.

"काका, बसा जरासे. आता हात हालोला तं लॉस होईन."

"कोनाचा? माह्या गालाचा का तुह्या पैशाचा?"

"साडेतीनले बजार बंद होते. मंग करतो उरलेली."

जेवायची वेळ झाली तसा बुढा अर्धी मिशी घेऊन घरी आला. वच्छलानं दारातच विचारलं, "हे काय?"

तो म्हणाला, "अर्धं प्रॉफिट बुक केलं!"

*

मग मी सुनंदाला विचारलं, "शेअर म्हंजे काय वं?"

"आई, कंपनीतला बारीकसा हिस्सा."

"हिस्सा हाय तं धुरा कुठी हाय?"

"धुरा नसते आई त्याले."

"मंग शेजारचा कोरत नाई?"

आमच्याकडे दरवर्षी नांगरटीला शेजारी दोन बोटं धुरा, म्हणजे वावराची हद्द, आपल्याकडे ओढतो, त्यामुळे मला हे विचारणं भागच होतं. सुनंदानं विचार केला आणि म्हणाली, "कोरते आई. पन दिसत नाई."

दिनकर आत जेवत होता. तिथूनच ओरडला, "तू तिले उलटंसुलटं नोको शिकवू!"

*

हे सगळं पेटवलं ते पंकज सरांनी. वाशिमहून मोटारसायकलवर येतात, पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट. आठवड्यातून एकदा देवळाच्या सभामंडपात क्लास घेतात. मीही गेले. माझं वावर ज्याच्या बोलण्यावरून जाणार, त्याचं तोंड तरी पाहू!

भिंतीवर रेघ दाखवली. खालून वर, खालून वर. सर म्हणाले, "सध्या सेंटिमेंट जबरदस्त आहे. जो थांबला तो मागे राहिला."

मी हात वर केला. "सर, भाव पडले तं?"

"पडले तर संधी आहे आजी. अजून घ्यायचे."

"अन् चढले तं?"

"चढले तर घ्यायचेच."

"मंग इकाचे कवा?"

दिनकरला खोकला आला.

सर हसले. "लाँग टर्म ठेवायचं असतं आजी. दहा-पंधरा वर्षं."

"माह्याकडे पाहून सांगा."

"अहो, तुमच्यासाठी नाही, नातवंडांसाठी!"

"नातवंडासाठीच तं वावर ठेवलं हाय बाप्पा. आता तुमी सांगा, बदलून काय घेऊ?"

बाया हसल्या. दिनकर नाही हसला. घरी येईस्तोवर माझ्यापुढे दहा पावलं चालला.

*

आता कोणी म्हणेल, बुढीला बाजाराचा राग आहे. अजिबात नाही! चढो की बाजार. वच्छलानं बकऱ्या विकून दर महिन्याला थोडं थोडं टाकायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला नावं ठेवली नाहीत. दिनकरनंही सोयाबीनच्या पैशातून टाकावं, माझं काही म्हणणं नाही. पीक विक. वावर नाही.

तर वच्छलाचीच गोष्ट. एकदा आठवडाभर बाजार धाडकन खाली आला. सगळं गाव घाबरलं. संतोषनं विकले, एसटीच्या कंडक्टरनं विकले, तलाठ्याच्या भावानं तर रस्त्यात उभं राहून विकले. वच्छला आपली बकऱ्या चारत होती. महिन्याभरात बाजार पुन्हा वर. ज्यांनी विकले ते डोकं धरून बसले, आणि वच्छला तेवढी फायद्यात.

पंकज सरांनी तिला क्लासमधे उभं केलं. टाळ्या वाजवल्या. "बघा, याला म्हणतात पेशन्स! मावशी, सगळे विकत असताना तुम्ही कशा शांत राहिल्या?"

वच्छला म्हणाली, "मी बी इकनारच होतो. पासवर्ड पोराजोळ. पोरगा पुन्याले. आठ दिवस त्याचा फोनच लागला नाई!"

*

दिनकर थांबला नाही. त्यानं गिऱ्हाईक आणलं. रिसोडकडचा माणूस, केनवडचा. भला वाटला. वावरात गेला, माती हातात घेऊन चुरली, विहिरीत डोकावला. भाव बरा बोलला. दिनकरचा चेहरा असा फुलला की त्याच्या लग्नातही फुलला नव्हता.

हे वावर मी आणि त्याच्या बापानं दगड वेचून केलं आहे. काठावर आज जो बांध दिसतो, तो त्याच दगडांचा.

मी चहा दिला आणि सहज विचारलं, "भाऊ, येवढा पैसा एकदम कुठून आनला?"

तो म्हणाला, "शेअर इकले मावशी. लय चढले होते. म्हटलं, आता काढून घ्या अन् जमिनीत टाका."

मी दिनकरकडे पाहिलं. सुनंदानं पाहिलं. गिऱ्हाइकानंही पाहिलं, त्याला कळेना आपण काय बोललो.

पाहुणा गेल्यावर दिनकर म्हणाला, "थो भित्रा मानूस हाय!"

*

रोजची कटकट सुरू झाली. "आई, सगळं गाव पुढं चाललं." "आई, सरनं सांगतलेलं एकही खाली येत नाई." शेवटी दिवाळीत, आम्ही बियाणं निवडत असताना, तो समोर येऊन उभाच राहिला.

"एकदा हो का नाई थे सांगून दे."

मी म्हटलं, "दिन्या, घरचं बियानं आपन तसंच पेरतो का?"

"नाई."

"काय करतो?"

त्याला सांगावंच लागलं. आमच्यात पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडतात. पोतं गुंडाळून सावलीत ठेवतात, वरून पाणी शिंपडतात. पाच-सहा दिवसांनी उघडायचं आणि कोंब मोजायचे. सत्तरच्या वर उगवले तर ते बियाणं वावरात जातं. नाहीतर ढोरांच्या पुढ्यात!

"तुह्या सरचं बियानं बी तपासू," मी म्हटलं. "त्याइले म्हना, दहा नावं लिहून द्या. आमी बी दहा काढतो. आखाजीले उघडू. त्याइचे आमच्यापक्षा जास्त उगोले तं मी अंगठा देतो. नाई तं वावराचं नाव या घरात काढाचं नाई."

वच्छलाच्या हातातलं सूप खाली पडलं. "बुढे, येडी झाली का? तुले वाचता येते का नावं?"

"कायले वाचाचं?"

सरांनी हसत हसत दहा नावं दिली. मग सुनंदानं पेपरातलं शेअरच्या भावाचं पान जमिनीवर अंथरलं. पाच बाया, दोन-दोन दाणे प्रत्येकीच्या हातात. डोळे मिटून पान पेरलं! ज्या नावावर दाणा थांबला ते नाव सुनंदानं त्या दिवशीच्या भावासकट लिहून घेतलं. एक दाणा माझाच, तो घरंगळत जाऊन प्रेशर कुकरच्या जाहिरातीवर बसला.

दिनकर म्हणाला, "थो नाई चालत. दुसरा टाक."

"पडला थो पडला. पेरताना दगडावर पडलेला दाना आपन मोजत नाई का? लिव्ह वं सुनंदा, कुकर."

दोन्ही कागद बियाण्याच्या पोत्यात घातले आणि पोतं मी स्वतः शिवलं. तिथून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मला नीट झोप लागली नाही, हे आज सांगते. तोंडानं कितीही बोलले तरी हातातून काय सुटू शकतं ते मला ठाऊक होतं. एकदा सकाळीच वावरात जाऊन त्या बांधावर बसून आले. कोणाला सांगितलं नाही. आज सुनंदा लिहिता लिहिता थांबली, म्हणून कळलं की तिलाही ठाऊक नव्हतं.

*

आखाजीला सभामंडप गच्च. संतोष सलून बंद करून आला होता. पोतं सगळ्यांपुढे उसवलं. भाव सरांच्याच मोबाईलवर पाहायचे, म्हणजे भानगड नको.

सरांचे दहापैकी आठ चढलेले. टाळ्या. दिनकर माझ्याकडे बघेना.

मग आमचा कागद. सुनंदा वाचत गेली, सर पाहत गेले. चढलं. चढलं. हेही चढलं. सरांचा आवाज बारीक बारीक होत गेला. नऊ नावं, नऊच्या नऊ चढलेली!

"अन् दहावं?" मागून कोणीतरी विचारलं.

सुनंदा म्हणाली, "कुकर."

भांड्याच्या दुकानाचा मालक तिथंच बसला होता. म्हणाला, "दिवाळीनंतर त्याचा बी भाव वाढला!"

असा गलका झाला की देवळावरची पाखरं उडाली. सर दोन्ही हात वर करून सांगत होते, "अहो, याला काही अर्थ नाही! बाजारच इतका चढता आहे की डोळे मिटून काहीही घेतलं तरी चढतंच!"

मी उठून उभी राहिले. "सर, हेच मी दिवाळीपासून दिनकरले सांगून राह्यलो. माह्यं ऐकत नव्हता. तुमी सांगतलं, लय बेस झालं."

दिनकर त्या दिवशी माझ्याबरोबर चालत घरी आला. मागे नाही, पुढे नाही. वाटेत एवढंच म्हणाला, "खत आनाले उद्या जातो."

*

आणि ही शेवटची.

पेरणी झाली. ट्रॅक्टरनं जिथं जिथं जागा सोडली होती तिथं आम्ही दाणे टोबत होतो, बोटानं मातीत खोचत. मी एका तासावर, म्हणजे पेरलेल्या ओळीवर, वच्छला दुसऱ्या, सुनंदा तिसऱ्या. दिनकर वरच्या अंगाला धुऱ्यावरचं गवत काढत होता.

रस्त्यावर मोटारसायकल थांबली. पांढरा शर्ट. सरांनी धुऱ्यावर बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि चिखल तुडवत थेट माझ्यापुढे आले. मागं वळून पाहिलं, कोणी बघत नाही ना. मग शर्टाच्या आतून घडी केलेला पेपर काढला, शेअरच्या भावाचं पान उघडलं आणि दोन्ही तळहातांवर ताटासारखं धरलं.

"आजी," आवाज अगदी हळू, "जरा दहा दाणे टाकता का?"

वच्छला वाकलेली होती ती तशीच राहिली. वर दिनकरचा विळा थांबला.

माझ्या मुठीत दाणे होतेच. मी पेपराकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"सर, सरका बरं जरासे. तासावर उभे हा तुमी."